पोवळ्याची शिकवण आणि आपल्या घराचे सिमेंट

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरांचे रूप पार बदलले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मातीचा गिलावा, वर कौले आणि पुढे ओटी असे घर आता क्वचित दिसते. त्या जागी कॉलम, बीम आणि स्लॅबचे बंगले आले. कुवेत, दुबई, सौदीतून आलेल्या कमाईचा मोठा हिस्सा या बंगल्यांत गेला आहे. महामार्गाचे काँक्रीटीकरण झाले, कशेडी घाटाखालून बोगदा निघाला, शहरात इमारती उभ्या राहिल्या. या साऱ्याच्या मुळाशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पन्नास किलोची करड्या पावडरीची गोणी.

घरासाठी सोने घेताना आपण दहा दुकाने फिरतो. सिमेंट घेताना मात्र ‘कितीला देतोस आणि कधी पोहोचवतोस’ यापलीकडे फारसे विचारत नाही. ते कशापासून बनते, बनताना काय जळते आणि आज जगात त्याच्या जागी काय शोधले जात आहे, हे या लेखात आम्ही सोप्या भाषेत सांगणार आहोत. या शोधात समुद्रातल्या एका इवल्याशा जिवाचे, पोवळ्याचे नाव वारंवार येते. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर ज्या ‘मरजान’चा उल्लेख आहे, तेच हे पोवळे असे बहुतेक भाष्यकार मानतात. आपल्या घरातल्या मुलींची नावेही त्यावरून ठेवली जातात.

भट्टीत काय होते?

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडीचा दगड. महाराष्ट्रात तो चंद्रपूर जिल्ह्यात मुबलक आहे, म्हणून कोरपना-गडचांदूर पट्ट्यात मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. हा दगड दळून, त्यात थोडी माती व लोहयुक्त पदार्थ मिसळून प्रचंड फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यातून सुपारीएवढे काळसर गोळे निघतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून बारीक दळले की साधे पोर्टलँड सिमेंट तयार होते.

आता यातला हिशेब पाहा. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा वायू कोळशाचा नाही, तो दगडातच कोंडलेला होता. त्यामुळे उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली, तरी हे ४४ किलो सुटणारच. भट्टी तापवण्यासाठी जळणाऱ्या कोळशाचा धूर याहून वेगळा. दोन्ही धरले तर साध्या सिमेंटच्या एका पन्नास किलोच्या गोणीमागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० गोण्या लागतात, असा हिशेब बांधकामवाले लावतात. म्हणजे एका मध्यम घराच्या नुसत्या सिमेंटपायी १६ टन वायू आकाशात जातो. जगभरात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट बनते. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के वाटा या एका धंद्याचा आहे. सिमेंट उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो. आपल्या देशात वर्षाला ४० कोटी टनांहून अधिक सिमेंट तयार होते.

याचा महाडशी काय संबंध?

हा प्रश्न कोणीही विचारेल. चंद्रपूरच्या चिमणीतून निघालेल्या धुराचे महाडच्या माणसाला काय?

२२ जुलै २०२१ चा दिवस महाडकर विसरू शकत नाहीत. सावित्रीचा उगम ज्या महाबळेश्वरात होतो, तिथे त्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. दुकाने, दवाखाने, घरांचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ८० हून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडीखाली माणसे गेली. आपल्या मोहल्ल्यांतून तरुण फावडी, होड्या आणि अन्नाची पातेली घेऊन धावले. कोणाचे घर कोणत्या धर्माचे, हे त्या चिखलात कोणी विचारले नाही.

एका दिवसाच्या पावसाचे खापर एका कारणावर फोडता येत नाही. पूर येण्यामागे नदीपात्रातला गाळ, भराव, डोंगरावरची तोड अशी अनेक कारणे असतात. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्राचे साधे गणित आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्या पावसाला अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाची जोड मिळते, हेही त्यात नोंदवले आहे. अरबी समुद्र तापला की सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला त्याची झळ आधी लागते. म्हणून हा विषय आपल्या उंबरठ्यापासून फार दूर नाही.

पोवळे घर कसे बांधते?

पोवळे म्हणजे दगड नव्हे, तो प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे मऊ शरीर आणि वर बारीक शुंडकांचे कडे, असे त्याचे रूप. असे लाखो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती कठीण घर बांधत जातात. पिढ्यान्‌पिढ्या अशी घरे एकावर एक चढली की प्रवाळाची भिंत तयार होते. ती भिंत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत चुनखडीच असते.

आता नवल पाहा. आपण चुनखडीपासून बांधकामाचा मसाला काढायला १४५० अंशांची आग लावतो. पोवळे तीच चुनखडी आपल्या अंघोळीच्या कोमट पाण्याहूनही गार अशा समुद्राच्या पाण्यात घडवते. त्याला ना भट्टी लागते ना कोळसा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेले असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून बायकार्बोनेटच्या रूपात राहतो. पोवळे आपल्या त्वचेखालच्या अगदी चिंचोळ्या जागेत हे दोन्ही पदार्थ गोळा करते. तिथून ते आम्लाचे कण बाहेर ढकलते आणि त्या थेंबभर पाण्याला अल्कधर्मी बनवते. पाणी अल्कधर्मी झाले की कॅल्शियम आणि कार्बोनेट आपोआप जुळून स्फटिक बसू लागतात. या स्फटिकाला ॲरागोनाइट म्हणतात.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. पोवळे हवेतला वायू शोषून घेणारे यंत्र आहे, असा समज पसरला आहे. तो पुरता खरा नाही. नैसर्गिक प्रक्रियेत बायकार्बोनेटच्या दोन कणांपैकी एक स्फटिकात बंद होतो आणि दुसरा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. म्हणून पोवळ्याची नुसती नक्कल करून भागत नाही. माणसाला त्यात बाहेरून अल्क पुरवावा लागतो, तरच वायूचा जास्तीत जास्त भाग दगडात बंद होतो. हा अल्क कुठून आणायचा, या एका प्रश्नावर अनेक कंपन्यांची गाडी अडली.

कोणी काय करून पाहिले?

अमेरिकेत ब्रेंट कॉन्स्टँट्झ नावाचे शास्त्रज्ञ पोवळ्यांचा अभ्यास करत होते. पोवळे आणि हाड दोन्ही खनिजाचे सांगाडे कसे उभारतात, हे पाहून त्यांनी आधी मोडलेली हाडे सांधण्याचे वैद्यकीय सिमेंट तयार केले. पुढे २००७ मध्ये त्यांनी कॅलेरा ही कंपनी काढली. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे समुद्रकाठच्या वीज प्रकल्पाच्या चिमणीतला वायू समुद्राच्या पाण्यातून नेऊन त्यापासून चुनखडीची भुकटी बनवायची, अशी ती कल्पना होती. अमेरिकन सरकारने त्यासाठी अनुदानही दिले. पण अल्क मिळवायला वीज लागते आणि वीज कोळशाची असेल, तर एका चिमणीचा धूर कमी करायला दुसरी चिमणी पेटवावी लागते. साध्या सिमेंटची जागा घेण्यापर्यंत कॅलेरा पोहोचली नाही.

तिचे तंत्र मात्र वाया गेले नाही. फोर्टेरा नावाच्या कंपनीने ते पुढे नेले आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडिंग येथे एका चालू सिमेंट कारखान्याला लागूनच आपला प्रकल्प सुरू केला. इथे चुनखडी तापवली जातेच, पण सुटलेला वायू पकडून परत चुन्याशी जोडतात आणि व्हॅटेराइट नावाची भुकटी बनवतात. व्हॅटेराइट हे कॅल्शियम कार्बोनेटचेच अस्थिर रूप आहे. त्यात पाणी घातले की ते हळूहळू स्थिर रूपात बदलते आणि बदलताना घट्ट होते. या प्रकल्पाची क्षमता वर्षाला १५,००० टनांची आहे. भारताच्या ४० कोटी टनांपुढे ती समुद्रातला थेंबच, पण प्रयोगशाळेतून कारखान्यात आलेला थेंब आहे.

२०२५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पोवळ्याच्या जाळीदार सांगाड्यासारखा साचा त्रिमितीय छपाईने तयार केला, त्यावर विजेचे वहन होईल असा पातळ थर दिला आणि कॅल्शियमच्या द्रावणात बुडवून वीज सोडली. द्रावणात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले, तेव्हा साच्याच्या छिद्रांमध्ये चुनखडी भरत गेली. तयार झालेला तुकडा मजबूत होता आणि थेट ज्वाळेतही टिकला. याच्या विटा बाजारात यायला मात्र बराच काळ जाईल.

ही सगळी माहिती सांगण्याचा हेतू एवढाच, की उद्या कोणी महाडच्या बाजारात ‘पोवळ्याचे सिमेंट’ म्हणून गोणी दाखवली, तर वाचकांनी सावध राहावे. असे सिमेंट आपल्याकडच्या दुकानांत आज मिळत नाही.

जेद्दाहच्या भिंती, मालेची मशीद आणि आपला चुना

पोवळ्याने बांधकाम करणे ही कल्पना मुसलमानांच्या किनाऱ्यांना नवीन नाही. आपल्या वाडवडिलांनी मुंबईहून जहाजाने जेद्दाह गाठले, तेव्हा त्यांच्या नजरेला पडलेल्या जुन्या शहरातल्या हवेल्या लाल समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या होत्या. अल-बलद नावाचा तो भाग २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मालदीवच्या माले शहरातली जुनी जुम्मा मशीद १६५८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या भिंतींचे प्रवाळी दगड चुना न वापरता एकमेकांत खाचा करून बसवले आहेत आणि त्यावरची नक्षी आजही शाबूत आहे.

पण याच मालदीवने पुढे फार मोठी किंमत मोजली. घरांसाठी प्रवाळाच्या भिंती खणून काढल्या गेल्या, उथळ भाग भरावाने बुजवले गेले. १९८७ मध्ये उंच लाटांनी माले शहरात पाणी घातले. त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती काँक्रीटची भिंत उभारावी लागली. जी लाट जिवंत भिंत फुकट अडवत होती, तिच्यासाठी सिमेंटची भिंत विकत घ्यावी लागली. आपल्या देशात खरे प्रवाळ आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते तोडणे, विकणे गुन्हा आहे. आपल्या राज्यातही प्रवाळ आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गपासून खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकवर ते वाढतात. म्हणजे पोवळ्याकडून शिकायची ती रीत. त्याचे घर उचलून आणायचे नाही.

दुसरे दुःख असे, की समुद्र तापल्याने पोवळी पांढरी पडून मरत आहेत. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथ्या मोठ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची पोवळीही पांढरी पडली. ज्या जिवाकडून आपण बांधकामाचा धडा घ्यायला निघालो आहोत, त्याचेच घर आपल्या भट्ट्या मोडत आहेत.

आपल्या कोकणाची जुनी रीत याच्या जवळ जाणारी होती. किनाऱ्यावर शिंपले, तिसऱ्या, कालवांची कवचे गोळा करून चुनेभट्टीत भाजत. तो चुना भिजवून, वाळूबरोबर घाणीत मळून बांधकामाला वापरत. जुन्या मशिदी, विहिरी, वाडे असे बांधले गेले. चुन्याची भट्टीही वायू सोडतेच, पण तिला सुमारे ९०० अंश उष्णता पुरते आणि भिंतीत बसलेला चुना वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. दगडातून गेलेल्या वायूचा मोठा भाग भिंतीत परत येतो. घाणीत चुना मळणाऱ्याला हे रसायन ठाऊक नसेल, पण भिंत जुनी होत जाते तशी घट्ट होते, हे त्याला पक्के माहीत होते.

म्हणून एक विनंती. गावात शंभर-दीडशे वर्षांची चुन्यातली मशीद असेल आणि ‘जुनी झाली, पाडून नवी बांधू’ अशी चर्चा जमातीत सुरू असेल, तर पाडण्याआधी जाणकार अभियंत्याला दाखवा. बऱ्याचदा दुरुस्ती होऊ शकते. मात्र चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचे प्लॅस्टर चढवू नका. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडते आणि मग भिंत फुगते, पोपडे धरते. दुरुस्ती चुन्यानेच करावी.

आज, इथे काय करता येईल?

पोवळ्याचे सिमेंट दूर असले, तरी कमी धुराचे सिमेंट आपल्या तालुक्याच्या दुकानात आजही आहे. फक्त गोणीवरची अक्षरे वाचायची सवय हवी.

पहिले पीपीसी. यात औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी बारीक राख १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मिसळलेली असते. जेवढी राख, तेवढे क्लिंकर कमी. दुसरे पीएससी, म्हणजे स्लॅग सिमेंट. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीत लोखंडावर तरंगणारी मळी एकदम थंड करून दळतात आणि २५ ते ७० टक्के प्रमाणात मिसळतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील डोलवी येथे मोठा पोलाद कारखाना आहे आणि तिथेच त्या मळीपासून सिमेंटही बनते. साध्या सिमेंटच्या गोणीमागे ४० किलो वायू, तर निम्मी मळी असलेल्या गोणीमागे साधारण त्याच्या निम्मा. चारशे गोण्यांच्या घरात हा फरक सात-आठ टनांचा होतो आणि त्यासाठी खिशातून जास्त काही जात नाही.

तिसरे नाव अजून दुकानात फारसे ऐकू येत नाही, पण येत्या काळात येईल. ते म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचे सिमेंट, ज्याला एलसी-३ म्हणतात. स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारतातील संशोधकांनी ते विकसित केले. दिल्ली, मुंबई आणि मद्रास येथील आयआयटींचा त्यात सहभाग आहे. यात निम्मे क्लिंकर, सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि बाकी जिप्सम असते. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली तरी चालते. साध्या सिमेंटपेक्षा ३० ते ४० टक्के वायू कमी निघतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी आयएस १८१८९ हे मानक जाहीर केले आहे. पोवळ्यासारखी ही कल्पना मोहक नाही, पण तिला नवा समुद्र किंवा नवी वीज लागत नाही. आहे त्याच कारखान्यात ती बसते.

‘मिसळलेले’ म्हणजे कच्चे का?

गावात एक समज पक्का बसला आहे, की राखेचे किंवा मळीचे सिमेंट म्हणजे भेसळ. पहिल्या काही दिवसांत ते सावकाश घट्ट होते, हे खरे. पण २८ दिवसांत ते मानकाची ताकद गाठते आणि पुढेही मजबूत होत राहते. शिवाय त्याचे काँक्रीट अधिक दाट होते, त्यामुळे खारे पाणी सळईपर्यंत सहज पोहोचत नाही. दासगाव, टोळपासून खाली सावित्रीच्या खाडीकाठी घर बांधणाऱ्यांसाठी हा फायदा लहान नाही. तिथे स्लॅबच्या सळया गंजून काँक्रीट सुटण्याचे दुखणे घरोघरी आहे.

मात्र कारखान्यात प्रमाणात मिसळलेले सिमेंट आणि साइटवर कोणी टोपलीने टाकलेली राख, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा प्रकार म्हणजे खरीच भेसळ आणि तो जिवावर बेतू शकतो.

यावर बोलताना महाडकरांच्या डोळ्यांसमोर २४ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ येते. तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे गेली. ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला, तेव्हा साऱ्या शहराने अल्लाहचे आभार मानले. बांधकामाशी संबंधित लोकांवर निकृष्ट कामाबद्दल गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांतली माणसे नदीने नेली. नवा पूल विक्रमी वेळात बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला.

पर्यावरणाचा आणि या दुर्घटनांचा धागा एकच आहे. दहा वर्षांत पाडावी लागणारी इमारत कितीही हिरव्या सिमेंटची असली, तरी ती दुप्पट धूर करते, कारण ती पुन्हा बांधावी लागते. आणि कोसळली तर धुराचा हिशेब करायला मनच राहत नाही. पन्नास-साठ वर्षे टिकणारे घर हेच सर्वांत कमी धुराचे घर. घर बांधणाऱ्याच्या, ठेकेदाराच्या आणि परवानगी देणाऱ्याच्या हातात राहणाऱ्यांचा जीव ही अमानत असते. त्यात खयानत करून वाचवलेल्या दहा गोण्यांत बरकत नसते.

घर काढण्याआधी ध्यानात ठेवावे असे

आखातात असलेला मुलगा किंवा भाऊ पैसे पाठवतो आणि गावात बांधकामावर आई, बहीण किंवा म्हातारे वडील उभे असतात. हा मजकूर खास त्यांच्यासाठी आहे. यातल्या कोणत्याही गोष्टीला इंजिनिअरची पदवी लागत नाही.

गोणीवर आयएसआयची खूण, सिमेंटचा प्रकार आणि कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी भरली, हे छापलेले असते. ते वाचावे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. कोकणातल्या दमट हवेत तर त्याहून लवकर. म्हणून मे महिन्यात स्वस्त मिळते म्हणून पावसाळाभराचे सिमेंट भरून ठेवू नये. गोण्या जमिनीला आणि भिंतीला टेकवू नयेत. खाली फळ्या घालाव्यात.

मिश्रणात पाणी बेताचे असावे. ‘माल पातळ असला की पटकन बसतो’ म्हणून गवंडी पाणी वाढवतात, पण प्रत्येक जास्तीच्या बादलीने काँक्रीट कमजोर होते. खाडीची खारी वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. तिच्यातले मीठ सळई खाते.

पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस पाणी मारावे. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवणे किंवा ओली गोणपाटे टाकणे उत्तम. हे काम घरच्या बायका-मुलांकडे येते आणि ते कमी दर्जाचे समजले जाते. खरे तर घराची निम्मी ताकद याच दिवसांत ठरते. सेंट्रिंग काढण्याचीही घाई नको, कारण मिसळलेले सिमेंट सुरुवातीला सावकाश घट्ट होते.

आणि शेवटी गरजेचा प्रश्न. वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद राहणाऱ्या बंगल्यात सहा खोल्या हव्यात की तीन? शेजारच्याने दोन मजले चढवले म्हणून आपण तीन चढवायचे का? इस्राफ फक्त ताटात उरलेल्या अन्नात नसतो. न राहण्यासाठी ओतलेल्या काँक्रीटमध्येही असतो. आत जांभ्याची किंवा विटांची भिंत चालत असेल तर काँक्रीटचा हट्ट नको. जुन्या घराचे चिरे, लाकूड, कौले चांगली असतील तर नव्या घरात वापरावीत.

समुद्राच्या तळाशी पोवळे आपल्या गरजेपुरतेच घर बांधते आणि ते पुढच्या पिढीच्या पायाखाली मजबूत ठेवून जाते. ते काम कारखान्यात उतरवण्यासाठी शास्त्रज्ञ झटत आहेत, आणि इन्शाअल्लाह त्यांना यश येईल. तोवर आपल्या हातात असलेले आपण करू. पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर भाव विचारण्याआधी गोणी फिरवून पाहा आणि दुकानदाराला विचारा, ‘स्लॅगचे आहे का, आणि कधी भरलेले?’ दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर अकराव्यासाठी तो माल दुकानात हजर असेल.